राष्ट्रीय रग्बी संघाची दुसरी फळी कशी जोखायची

२८ ऑक्टोबर २०२३, पॅरिस. विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती आणि दक्षिण आफ्रिकेचा हुकर, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला खेळाडू, बाँगी म्बोनाम्बी गुडघ्याला मार लागून बाहेर पडला. संघातला दुसरा अस्सल हुकर माल्कम मार्क्स दीड महिन्यापूर्वीच सरावात जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला होता. आत उतरला डिऑन फूरी. वय ३७, अलीकडची जागा फ्लँकरची, म्हणजे स्क्रमच्या कडेला जोडल्या जाणाऱ्या खेळाडूची, हुकर म्हणून खेळण्याचे दिवस बरेच मागे पडलेले. उरलेला जवळजवळ अख्खा सामना त्याने ती जागा धरून ठेवली. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हुकर पुन्हा आत फेकतो तेव्हा, आफ्रिकेची चांगलीच ओढाताण झाली, पण न्यूझीलंडविरुद्धचा तो सामना त्यांनी १२-११ असा जिंकला.

नंतर सगळीकडे एकच बोललं गेलं की काय ही दुसरी फळी! मला मात्र वाटतं, त्या रात्री आपण दोन उलट गोष्टी एकाच वेळी पाहिल्या. हुकरच्या जागी त्या संघाकडे काहीच शिल्लक नव्हतं. त्याच संघात लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतले उंच खेळाडू, मात्र इतके होते, की आर. जी. स्नायमन आणि जीन क्लाइन हे दोन धिप्पाड गडी राखीव बाकावर बसले होते. विहिरीचं पाणी एक दोर सोडून मोजता येतं. इथे पंधरा विहिरी आहेत आणि प्रत्येकीत दोर वेगळा सोडावा लागतो. ‘या संघाची दुसरी फळी मजबूत आहे’ असं सरसकट विधान मी म्हणूनच आता करत नाही. कुठल्या जागेवर, किती जण, आणि कितव्या माणसानंतर पडझड सुरू होते, हे कागदावर मांडतो. ते कसं मांडायचं ते पुढे देतो आहे. उदाहरणं बहुतेक दक्षिण आफ्रिकेची आहेत, कारण गेल्या काही वर्षांत हा विषय इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी हाताळलेला नाही.

साहित्य फार लागत नाही. मोठा कागद किंवा स्प्रेडशीट, संघाच्या गेल्या दोन वर्षांतल्या सामन्यांच्या २३ जणांच्या याद्या, आणि कोण कितव्या मिनिटाला आत-बाहेर झालं याची नोंद. २०२५ साली मुंबईत झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमुळे ज्यांना या खेळाची गोडी लागली, त्यांच्यासाठी एक सूचना. ते सात जणांचं रग्बी होतं. तिथे स्क्रमला, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना ढकलतात तेव्हा, तीन-तीन जणच असतात आणि बहुतेक सगळ्यांना सगळं करावं लागतं. पंधरा जणांच्या रग्बीत जागा फार काटेकोर वाटलेल्या असतात, आणि या लेखातलं सगळं गणित त्या काटेकोरपणावर उभं आहे.

१. आधी मुदत ठरवा

दुसरी फळी कशासाठी मोजायची आहे? येत्या शनिवारच्या सामन्यासाठी असेल तर २३ जणांपुरता प्रश्न आहे: १५ मैदानात, ८ बाकावर. विश्वचषकासारख्या स्पर्धेसाठी असेल तर पूर्ण पथक पाहावं लागतं. २०२३ साली ते ३३ जणांचं होतं. आणि पुढच्या विश्वचषकापर्यंतची तयारी जोखायची असेल, म्हणजे आत्ता २०२७ च्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेची, तर पन्नास-साठ नावं लिहावी लागतात. ही तीन वेगळी मोजमापं आहेत. एखादा संघ शनिवारसाठी भक्कम आणि चार वर्षांसाठी पोकळ असू शकतो. पानाच्या डोक्यावर मुदत लिहा, नाहीतर अर्ध्यावर गल्लत होते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नेमकी तीच झाली होती.

२. खरोखर हाताशी किती जण आहेत?

देशात किती लोक रग्बी खेळतात हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. उपयोगाचा प्रश्न हा, की वरच्या दर्जाचे व्यावसायिक संघ किती, आणि त्यांत त्या जागेवर देशाचा माणूस किती वेळा सुरुवात करतो. आयर्लंडचे चार प्रांत आहेत: लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनाक्ट. म्हणजे कुठल्याही शनिवार-रविवारी १० क्रमांकाची, म्हणजे खेळाची दिशा ठरवणाऱ्या फ्लाय-हाफची, जर्सी घालून उतरणारे फार तर चार जण. त्यातला एखादा परदेशी असला तर तीन. वेल्सचंही असंच, चारच संघ. स्कॉटलंडचे तर दोन, ग्लासगो आणि एडिंबरा. त्यांचा फ्लाय-हाफ फिन रसेल २०२३ पासून इंग्लंडमध्ये बाथकडून खेळतो. फ्रान्सच्या वरच्या विभागात चौदा क्लब आहेत. ही गोळाबेरीज तक्त्याच्या वर लिहून ठेवली की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

मग निवडीचे नियम पाहा. न्यूझीलंड देशात खेळणाऱ्यांनाच घेतं. इंग्लंडचंही धोरण मुख्यत्वे तेच आहे. वेल्समध्ये बाहेरच्या क्लबकडे जायचं आणि देशाकडूनही खेळायचं, तर आधी ठरावीक कसोटी सामने, म्हणजे देशादेशांमधले सामने, खेळलेले असावे लागतात. २०२३ साली ती अट ६० वरून २५ वर आणली गेली. दक्षिण आफ्रिका मात्र जपान, फ्रान्स, इंग्लंड, आयर्लंड, कुठूनही माणूस बोलावते. त्यामुळे तिच्या यादीत नावं जास्त दिसतात. पण इथे एक खाच आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरलेल्या काळातच क्लबला खेळाडू सोडणं बंधनकारक असतं. एखादा सामना त्या काळाबाहेर ठेवला तर यादीतली काही नावं त्या दिवसापुरती नाहीतच असं समजा.

पात्रतेचा नियमही पाहून घ्या. जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबा, नाहीतर सलग पाच वर्षांचं वास्तव्य. शिवाय २०२२ पासून एका देशाकडून खेळलेला खेळाडू तीन वर्षं आंतरराष्ट्रीय रग्बीपासून दूर राहिला, तर जन्माच्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या देशाकडे जाऊ शकतो. वर उल्लेखलेला जीन क्लाइन २०१९ चा विश्वचषक आयर्लंडकडून खेळला आणि २०२३ चा दक्षिण आफ्रिकेकडून जिंकला. अशी नावं तक्त्यात येण्याआधी हेरता आली तर तुमचं मोजमाप इतरांच्या पुढे राहतं.

३. तक्ता: पंधरा जागा, पण सगळ्या सारख्या नाहीत

आता कागदावर जागा मांडा. इथे घाई करू नका. बहुतेक जण ‘प्रॉप’ असा एकच रकाना करतात आणि तिथेच फसतात.

१ आणि ३ या क्रमांकाचे, हुकरच्या दोन बाजूंचे प्रॉप म्हणजे दोन वेगळे धंदे आहेत. १ क्रमांकाच्या, म्हणजे लूजहेड प्रॉपच्या डोक्याची एक बाजू मोकळी असते. ३ क्रमांकाच्या टाइटहेडचं डोकं समोरच्या हुकर आणि प्रॉपच्या मध्ये अडकतं. दोन्ही खांद्यांवर भार येतो आणि अख्ख्या स्क्रमचा उजवा खांब तोच असतो. तो मागे सरकला की बाकीचे सात जण कितीही ताकदीचे असोत, उपयोग नाही. हे काम शिकायला वर्षं लागतात, आणि त्यामुळे चांगला टाइटहेड हा रग्बीतला सगळ्यात दुर्मीळ माणूस. दोन्ही बाजूंना खेळू शकणारा तर हिऱ्यासारखा. हुकरचं तसंच. स्क्रमच्या मधोमध लटकून चेंडू पायाने मागे ओढायचा आणि लाइनआउटमध्ये पाच ते पंधरा मीटरवरच्या उडणाऱ्या माणसाच्या हातात नेमका फेकायचा. ताकदवान फ्लँकरला हुकरच्या जागी उभं करता येतं, पण ऐन गर्दीत, हजारोंच्या आरोळ्यांत अचूक फेक ही गोष्ट आठवड्याभरात येत नाही.

म्हणून माझ्या तक्त्यात रकाने असे असतात. लूजहेड, हुकर, टाइटहेड हे तीन स्वतंत्र. लॉक एकत्र, पण लाइनआउटचे इशारे देणाऱ्याच्या नावाखाली रेघ. फ्लँकर आणि नंबर आठ जवळजवळ, कारण तिथे अदलाबदल चालते. (दक्षिण आफ्रिकेच्या याद्या वाचताना लक्षात ठेवा, त्यांचे ६ आणि ७ इतरांच्या उलट असतात. कर्णधार सिया कोलिसी ६ घालतो, धिप्पाड पीटर-स्टेफ डू टॉइट ७.) स्क्रममधून चेंडू काढून देणारा स्क्रम-हाफ स्वतंत्र. फ्लाय-हाफ स्वतंत्र. सेंटर दोन. विंग आणि फुलबॅक एकत्र घेतले तरी चालतात. राखीव खेळाडूंची खोली कमी पडून एखादा मोठा संघ विंगवर उघडा पडला असं क्वचितच होतं, त्यामुळे तिथे मी वेळ घालवत नाही.

पुढच्या रांगेसाठी नियमच कडक आहे. २३ जणांत पुढच्या रांगेचे सहा जण असायलाच हवेत, म्हणजे बाकावर एक लूजहेड, एक हुकर, एक टाइटहेड. तरी काय होऊ शकतं ते २७ फेब्रुवारी २०२२ ला डब्लिनमध्ये दिसलं. इटलीचा पहिला हुकर सुरुवातीलाच जखमी झाला. त्याच्या जागी आलेल्याला विसाव्या मिनिटाच्या आतच लाल कार्ड मिळालं. तिसरा हुकर नाही, म्हणून स्क्रम बिनढकलीचे, म्हणजे नुसते भिडण्यापुरते, झाले आणि नियमानुसार इटलीला आणखी एक माणूस बाहेर काढावा लागला. पाऊण तासाहून अधिक काळ तेरा जण पंधरांशी खेळले आणि सामना ५७-६ असा गेला. तिसऱ्या हुकरचं नाव तक्त्यात का हवं, असं कुणी विचारलं की मी हा सामना सांगतो.

४. नावं भरा, पण रंग लावून

प्रत्येक जागेवर तीन नावं लिहा. हुकर, टाइटहेड, स्क्रम-हाफ आणि फ्लाय-हाफला चार. मग प्रत्येक नावाला रंग द्या.

हिरवा: गेल्या दोन वर्षांत जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दहा संघांविरुद्ध किमान तीन सामन्यांत, *त्याच जागेवर*, सुरुवातीपासून खेळलेला. पिवळा: कसोटी खेळलाय, पण बाकावरून, किंवा दुबळ्या संघांविरुद्ध, किंवा दुसऱ्याच जागेवर. लाल: क्लबकडून चांगला खेळतो, आशा आहे, पुरावा नाही.

तीन सामन्यांची मर्यादा माझी आहे. तुम्ही दोन किंवा चार धरा, पण एकदा धरली की सगळ्या जागांना सारखीच लावा. आवडत्या खेळाडूसाठी निकष सैल करण्याचा मोह फार होतो.

एकूण कसोटी सामन्यांच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. राखीव स्क्रम-हाफच्या नावावर तीस सामने असतात आणि त्यातले पंचवीस शेवटच्या दहा मिनिटांचे असतात. सत्तराव्या मिनिटाला, समोरचे दमलेले असताना आत येणं वेगळं. पहिल्या शिट्टीपासून साठ मिनिटं खेळाची दिशा ठरवणं वेगळं. म्हणून मी सामने लिहितच नाही. दोनच आकडे लिहितो, किती वेळा सुरुवात केली आणि एकूण किती मिनिटं.

५. एक माणूस एकदाच मोजा

इथे तक्ता खरा बोलायला लागतो. २०२३ च्या आफ्रिकन पथकाचे प्रॉप पाहा. लूजहेड: स्टीव्हन किट्सहॉफ, ऑक्स न्चे, ट्रेव्हर न्याकाने. टाइटहेड: फ्रान्स मालहर्ब, व्हिन्सेंट कॉख, ट्रेव्हर न्याकाने. दोन्हीकडे तीन-तीन, छान. पण न्याकाने एकच आहे. तो डावीकडे गेला की उजवीकडचा तिसरा रकाना रिकामा. डेमियन विलेम्सेचं नाव तर फ्लाय-हाफ, सेंटर आणि फुलबॅक अशा तिन्ही ठिकाणी लिहिता येतं. अशा खेळाडूंचं मोल मोठं आहे, पण बेरीज करताना त्यांना त्यांच्या मुख्य जागेवर एकदाच धरा. बाकीच्या ठिकाणी नाव कंसात टाका. सगळे कंस खोडल्यावर जे उरतं ती तुमची खरी खोली.

आणि याच पायरीवर फूरीचं नाव पुन्हा वाचा. त्या पथकात अस्सल हुकर दोनच होते, मार्क्स आणि म्बोनाम्बी. तिसरा रकाना फ्लँकर असलेल्या फूरीने कंसात भरला होता. मार्क्स गेल्यावर व्यवस्थापनाने त्याच्या जागी हुकर न बोलावता फ्लाय-हाफ हँड्रे पोलार्डला बोलावलं. कागदावर हा निर्णय धडकी भरवणारा होता. पण त्यांच्या तक्त्यात हुकरपेक्षा मोठं भोक दुसरीकडे होतं. त्याकडे वळू.

६. जागांबरोबर कामंही मोजा

अंगावरचा क्रमांक म्हणजे जागा. त्याखेरीज काही कामं असतात ती क्रमांकावर छापलेली नसतात: गोलावर लाथ मारणारा, लाइनआउटचे इशारे देणारा, बचावाची फळी लावणारा, पंचांशी बोलणारा कर्णधार. तक्त्याच्या खाली या चार कामांची वेगळी ओळ आखा आणि प्रत्येकापुढे पहिलं, दुसरं, तिसरं नाव लिहा.

२३ सप्टेंबर २०२३ ला गटातल्या सामन्यात आयर्लंडने आफ्रिकेला १३-८ हरवलं. फरक पाच गुणांचा. मॅनी लिबॉक सुंदर खेळणारा फ्लाय-हाफ आहे, पण त्या रात्री त्याच्या आणि फाफ डी क्लर्कच्या हुकलेल्या लाथांतून गेलेले गुण त्या फरकाहून जास्त होते. फ्लाय-हाफची जागा भरलेली होती. लाथ मारण्याचं काम रिकामं होतं. पोलार्ड आल्यावर काय झालं ते पाहा. उपांत्य सामन्यात इंग्लंड १५-६ पुढे होतं. बाकावरून आलेल्या स्नायमनने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, बाकावरून आलेल्या पोलार्डने कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची जादा गुणांची लाथ, मारलं, बाकावरून आलेल्या न्चेने स्क्रममध्ये पेनल्टी मिळवून दिली, आणि ती पोलार्डने जवळपास मैदानाच्या मध्यावरून पोस्टांमधून पाठवली. १६-१५. शेवटचे दहाच्या दहा गुण राखीव खेळाडूंचे. अंतिम सामन्यातले बाराही गुण पोलार्डच्याच पायातून आले.

७. बाक वाचायला शिका

आठ राखीव जागांतल्या तीन पुढच्या रांगेच्या बांधलेल्या. उरल्या पाच. प्रशिक्षक या पाच कशा वाटतो यावरून त्याला स्वतःच्या फळीबद्दल काय वाटतं ते कळतं. ५-३ म्हणजे पुढच्या रांगेचे तीन धरून पाच फॉरवर्ड (स्क्रममधले, १ ते ८ क्रमांकांचे), तीन बॅक (मागचे, ९ ते १५); जुनी, सावध पद्धत. ६-२ म्हणजे दोन बॅकमध्ये सगळं भागवायचं. ७-१ म्हणजे मागे एकच राखीव. आफ्रिकेने ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅमला न्यूझीलंडला ३५-७ हरवलं तेव्हा ७-१ होतं, आयर्लंडविरुद्ध होतं आणि अंतिम सामन्यातही होतं. अंतिम सामन्यात तर बाकावर बॅक म्हणून फक्त विली ल रू. राखीव स्क्रम-हाफ नाही.

७-१ दिसलं की दोन प्रश्न विचारा. मैदानावरच्या सात बॅकपैकी किती जण दुसरी जागा *कसोटी दर्जाने* खेळू शकतात? आणि फॉरवर्डांत कुणी मागे पळू शकणारा आहे का? आफ्रिकेकडे क्वागा स्मिथ होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सात जणांच्या रग्बीत कांस्यपदक मिळवलेला फ्लँकर. असा माणूस नसताना कुणी ७-१ ची नक्कल केली तर ती खोली नसते, जुगार असतो.

८. घसरण मोजा

आतापर्यंत नावं मोजली. आता पहिला बाहेर गेल्यावर संघ किती खाली येतो ते मोजायचं. दोन पद्धती वापरतो.

पहिली सोपी. शेवटचे दहा मोठे सामने घ्या. प्रत्येकाचे दोन तुकडे करा: पन्नासाव्या मिनिटापर्यंत आणि त्यानंतर. दोन्ही तुकड्यांत गुणांचा फरक, स्क्रमवरच्या पेनल्टी (मिळालेल्या आणि दिलेल्या) आणि स्वतःच्या लाइनआउटमधले गमावलेले चेंडू लिहा. समजा पहिल्या तुकड्यात संघ सरासरी चार गुणांनी पुढे आणि दुसऱ्यात दोनने मागे असेल, तर बाक सामना सोडतो आहे. तीस गुणांनी निकाल लागलेले सामने या हिशेबातून काढून टाका. तिथे शेवटचा अर्धा तास कुणीच जिवावर उदार होऊन खेळत नाही.

दुसरी पद्धत वेळखाऊ, पण जास्त सांगणारी. एक महत्त्वाचा खेळाडू निवडा आणि तो नसताना संघ कसा खेळला ते सामने वेगळे काढा. त्यात निकालापेक्षा त्याच्या कामाचे आकडे पाहा: टाइटहेड नसताना स्क्रम, हुकर नसताना लाइनआउट, फ्लाय-हाफ नसताना संघाने स्वतःच्या अर्ध्या भागात किती वेळ काढला. असे सामने थोडेच मिळतात, चार-पाच. त्यावरून दशांश चिन्हापर्यंत निष्कर्ष काढू नका. दिशा दिसली की पुरे.

९. साखळी ओढून पाहा

माझी सगळ्यात आवडती पायरी. पेन्सिलने एक नाव खोडा आणि त्या जागी कोण येईल ते लिहा. तो दुसऱ्या जागेवरून आला तर त्याची जागा कोण घेईल? मग त्याची? एका दुखापतीने किती जणांच्या जागा हलतात ते मोजा. एकच हलला तर फळी पक्की. दोन हलले तर सावध. तीन हलले तर तो खेळाडू त्या संघाचा खिळा आहे. तो निघाला की चौकट सुटते.

एक खोडून झालं की त्याच जागेवरचा दुसराही खोडा. लोक म्हणतात, इतकं कुठे होतं? २०११ च्या विश्वचषकात न्यूझीलंडचं पाहा. डॅन कार्टर सरावात लाथ मारताना जांघेतल्या दुखापतीने गेला. कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात गेला. अ‍ॅरन क्रुडन अंतिम सामन्याच्या पहिल्या अर्ध्यातच गुडघा मुडपून गेला. आत आला स्टीफन डोनाल्ड, चौथा फ्लाय-हाफ. बोलावणं आलं तेव्हा तो वायकाटो नदीवर मासे धरत होता. दिलेली जर्सी त्याला तोकडी होत होती. त्याने मारलेल्या पेनल्टीमुळे न्यूझीलंड ८-७ ने जगज्जेता झाला. चौथ्या नावापुढे मी म्हणूनच एक जादा नोंद ठेवतो: हा माणूस शेवटचा सामना कधी खेळला, आणि आज बोलावलं तर किती दिवसांत उभा राहील?

१०. वय, आणि एकदम रिकामी होणारी पंगत

प्रत्येक नावापुढे पुढच्या विश्वचषकावेळचं वय लिहा. प्रॉप उशिरा पिकतात, तिशीनंतरही चांगले टिकतात. विंगवाले लवकर मंदावतात. पण एकेकट्या वयापेक्षा मला काळजी वाटते ती सगळे एकदम उठण्याची. वेल्सचं उदाहरण ताजं आहे. १५८ कसोटी सामने खेळलेला अलन विन जोन्स आणि त्याच्याबरोबर जस्टिन टिप्युरिक मे २०२३ मध्ये एकाच दिवशी निवृत्त झाले. विश्वचषकानंतर ११२ सामन्यांचा डॅन बिगर गेला. २०२४ च्या सिक्स नेशन्सनंतर, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेनंतर, १२१ सामन्यांचा जॉर्ज नॉर्थ. त्यात जानेवारी २०२४ मध्ये बावीस वर्षांचा लुई रीस-झॅमिट अमेरिकन फुटबॉलकडे निघून गेला. वेल्सने पुढे सलग १८ कसोटी सामने गमावले. ती मालिका जुलै २०२५ मध्ये जपानमधल्या कोबेला तुटली. केवळ निवृत्त्यांमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, तिथल्या चार क्लबांची आर्थिक ओढाताणही मोठी होती. पण २०२२ सालीच वेल्सचा तक्ता कुणी रंगवला असता तर हिरवी नावं बहुतेक तिशीपलीकडची आणि त्यांच्या खालची लाल दिसली असती. अनुभवी खेळाडू खेळत असताना त्यांच्या खालच्याला कधी उतरवायचं, हा प्रश्न पुढे ढकलला की असं होतं.

११. खोली विकत घ्यावी लागते. किंमत पाहा.

लाल नाव हिरवं होण्याचा एकच मार्ग आहे: त्याला खऱ्या सामन्यात, खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर, सुरुवातीपासून खेळवणं. आणि त्यात सामने हरण्याची तयारी लागते. म्हणून तक्त्याच्या शेवटी मी प्रशिक्षकाचा एक रकाना ठेवतो: गेल्या दोन वर्षांत किती सामन्यांत त्याने दहाहून अधिक बदल केले, आणि ते कुणाविरुद्ध? दुबळ्या संघांविरुद्धचे बदल मी अर्धेच मोजतो.

९ जुलै २०२२, ब्लूमफाँटेन. वेल्सविरुद्धच्या मालिकेत आफ्रिका १-० पुढे. प्रशिक्षक जाक नीनाबरने एका दमात चौदा बदल केले. सामना वेल्सने शेवटच्या क्षणांत १३-१२ जिंकला. आफ्रिकेच्या भूमीवर वेल्सचा तो पहिलावहिला विजय. घरच्या लोकांनी नीनाबरला धारेवर धरलं. कसोटी सामना म्हणजे प्रयोगशाळा आहे का, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. आठवड्याने आफ्रिकेने तिसरा सामना आणि मालिका जिंकली, आणि तो पराभव लोक विसरले.

त्या दिवशी पहिल्यांदा देशाची जर्सी घातलेल्यांत दोन नावं होती. एक कर्ट-ली आरेन्से, जो पुढे पॅरिसच्या अंतिम सामन्यात विंगवर सुरुवातीपासून खेळला. दुसरा, पस्तिसाव्या वर्षी पदार्पण करणारा डिऑन फूरी. एका गुणाने गमावलेल्या त्या सामन्यात मिळालेला माणूस पंधरा महिन्यांनी एका गुणाने जिंकलेल्या सामन्यात हुकरच्या जागी उभा होता.

तक्ता कधी पुसायचा

वर्षातून तीनदा: सिक्स नेशन्स किंवा दक्षिण गोलार्धातल्या देशांची स्पर्धा आटोपल्यावर, जुलैच्या सामन्यांनंतर आणि नोव्हेंबरच्या अखेरीस. दर वेळी जुना कागद फाडू नका, तारीख घालून ठेवून द्या. पिवळ्याचे हिरवे किती झाले आणि हिरव्याचे पिवळे किती, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच दिसतं. डोक्याला मार लागून विश्रांतीवर गेलेल्यांची वेगळी खूण ठेवा. ते कधी परततील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, त्यामुळे त्यांना त्या हंगामापुरते मोजूच नका.

आणि २०२७ च्या विश्वचषकाची पथकं जाहीर होतील त्या दिवशी सगळे वृत्तनिवेदक वगळलेल्या विंगरविषयी बोलत असतील, तेव्हा तुम्ही आधी हुकरची नावं मोजा. तिसऱ्या नावाला कंस असला, तर त्याने शेवटचा लाइनआउट कधी फेकला ते शोधा.